करता येईल

शारजाच्या कोर्टानं मला बोलावलं
ते ओळखीचा म्हणून नाही, गलाईवाला म्हणून.
टेबलावर कागद, कागदावर एक लगड.
दोनशे बारा ग्रॅम. एका कोपऱ्यात बुडबुड्याचा खड्डा.
खोलीतल्या गॅसवर चोरून आटवलेलं सोनं असंच दिसतं,
घाईचं.

लगड बिरुदेव मेटकरीची.
गाव आटपाडीच्या पुढं, माझ्या गावापासून दोन माळ सोडून.
चार वर्षं तो रोल्याच्या कारखान्यात कानस मारायचा
आणि डोक्याला चपचपीत तेल लावायचा.
दिवसभर केसांतून बोटं फिरवायची, खोड असल्यासारखी.
रात्री परातीत डोकं धुवायचं,
पाणी ओतून द्यायचं,
तळ ठेवायचा.

मालकाच्या वहीत तूट एकशे तीस.
पण त्याच मुशीत त्यानं बांगड्याही टाकल्या,
पगारातून घेतलेल्या, बहिणीच्या लग्नासाठी.
चौऱ्याऐंशी ग्रॅम, पावत्यांसकट.
का टाकल्या, विचारलं तर म्हणाला,
एकत्र असलं की कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

सरकारी वकील बराच वेळ अरबीत बोलले.
नफीसा परकार, दुभाषी, माहेर रत्नागिरी,
तिनं सगळ्याचं एवढंच केलं:
दुधात मिठाचा खडा पडलाय, म्हणतात.

न्यायाधीशांनी मला विचारलं, वेगळं होईल?
म्हटलं, साहेब, चांदी काढून देतो, तांबं काढून देतो,
तेजाबात घातलं की ज्याचं ते बाजूला होतं.
सोन्यातनं सोनं काढायचं तेजाब
माझ्या आज्यालाही ठाऊक नव्हतं.
नफीसानं आज्याला गाळलं असावं.
वाक्य फार लवकर संपलं.

बाहेर पाण्याच्या टाकीपाशी ती म्हणाली,
कायद्यात 'जप्त करावं' असं नाहीये, भाऊ.
'जप्त करता येईल' असं आहे.
म्हणजे?
म्हणजे सगळी लगड घेता येईल. थोडी घेता येईल.
त्या दोन शब्दांत तो म्हातारा सकाळपासून बसलाय,
आणि तिथं दुसरी खुर्ची नाही.

आत गेलो तर ते पेन्सिलीनं बेरीज करत होते.
एकशे तीस आणि चौऱ्याऐंशी, दोनशे चौदा.
लगड दोनशे बारा.
दोन ग्रॅम कुठं गेले?
घट, म्हटलं. आगीत जाते.
कुणाची जाते?
वीस वर्षं भट्टीपुढं बसलोय,
हे कुणी विचारलं नव्हतं.
मी नफीसाकडं बघितलं, तिनं माझ्याकडं.
भाषांतर करायला काही नव्हतं.

त्यांनी लगड तळहातावर घेतली.
वजन काट्यानं आधीच सांगितलं होतं,
तरी घेतली, थोडी खालीवर केली,
भाजीवाल्याकडं कांदा बघतात तशी.
मग लिहिलं:
घट जप्तीच्या हिश्श्यातून.
एकशे अठ्ठावीस घ्यावेत.
चौऱ्याऐंशी बहिणीच्या नावानं जावेत, पुरते.
कैद दोन वर्षं, ती तशीच.
बिरुदेव 'पुरते' ऐकून रडला, कैद ऐकून नाही.
वकील काहीतरी म्हणाले. साहेबांनी चष्मा काढून ठेवला होता.

कापायचं काम माझ्याकडंच आलं.
मालखान्यात, दोन शिपाई, एक कॅमेरा.
करवत चालली तसा कागदावर पिवळा भुसा पडला,
चिमूटभर, जेमतेम.
कारकुनानं वही उघडून विचारलं,
हा कुठल्या रकान्यात?
म्हटलं, साहेबांना विचारा.
साहेब घरी गेले होते.
त्यानं कागदाची पुडी बांधली
आणि वर काहीच लिहिलं नाही.

त्या रात्री खोलीवर येऊन मी डोकं धुतलं.
तेल मी लावत नाही. कधीच लावलेलं नाही.
तरी बादली ओतण्याआधी
दिवा जवळ घेतला
आणि पाणी थांबेपर्यंत
बसून राहिलो.